खुब्याच्या ऑपरेशननंतर: रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सत्तरी ओलांडलेलं माणूस न्हाणीघरात घसरतं किंवा रात्री उंबरठ्याला अडखळतं. उठता येत नाही, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो आणि एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडलेलं निघतं. तब्येत साथ देत असेल तर ऑपरेशन २४ ते ४८ तासांत उरकतात. ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन सर्जन ‘सगळं व्यवस्थित झालं’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो.

हाडाचं काम खरोखरच झालेलं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घात करतात त्या वेगळ्याच गोष्टी: छातीत साचलेला कफ, कंबरेखाली पडलेली जखम, लघवीतले जंतू, पोटरीत झालेली रक्ताची गुठळी आणि भ्रम. या सगळ्या पडून राहण्याने होतात किंवा वाढतात. म्हणून ‘आता काही करू नका, नुसता आराम करा’ हा प्रेमाने दिलेला सल्लाच या दुखण्यात सगळ्यात महागात पडतो. जवळच्या माणसाचं मुख्य काम रुग्णाला बसवणं, उभं करणं, खाऊ घालणं आणि तब्येतीत फरक पडला की तो वेळेवर सांगणं हे आहे. पाय चेपणं नंतरचं.

आधी नेमकं काय झालंय ते विचारा

खुबा मोडला म्हणजे सगळ्यांचं ऑपरेशन सारखं नसतं. हाड खुब्याच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात (याला हाडाची ‘मान’ म्हणतात) मोडलं असेल तर म्हातारपणी बहुधा खुब्याचा गोळा बदलतात. त्याच्या खाली मोडलं असेल तर आत रॉड आणि स्क्रू घालून हाड जोडतात. पथ्यं यावरच ठरतात. शेजारच्या कॉटवरचे आजोबा बिनधास्त कुशीवर वळतात म्हणून आपल्या आजींना तसंच वळवायचं, हे चालत नाही.

पहिल्या राउंडला डॉक्टरांना एवढं विचारून वहीत उतरवून घ्या:

– गोळा बदलला की रॉड घातला? गोळा बदलला असेल तर चीर मागच्या बाजूने घेतली का?
– पायावर पूर्ण भार द्यायचा, थोडा द्यायचा की अजिबात नाही? किती दिवस?
– वाकणं, वळणं, बसणं यात काय टाळायचं?
– रक्त पातळ ठेवायचं औषध कोणतं आणि कुठल्या तारखेपर्यंत?
– बीपी, शुगर, थायरॉइडच्या घरच्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवल्यात आणि त्या कधी सुरू करायच्या?

मागच्या बाजूने गोळा बदलला असेल तर साधारणपणे तीन गोष्टी वर्ज्य असतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आतल्या बाजूला वळवणं. आपल्या घरांच्या भाषेत सांगायचं तर मांडी घालणं नाही, पाटावर बसणं नाही, देशी संडास नाही, वाकून चप्पल चढवणं नाही. झोपताना आणि कुशीवर वळवताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी हवी. किती आठवडे, ते तुमच्या सर्जनकडूनच घ्या. रॉड घातला असेल तर ही बंधनं सहसा एवढी कडक नसतात. तिथे मुख्य प्रश्न भार किती द्यायचा, हा असतो.

वही

पाळीवर माणसं बदलतात, सिस्टर बदलतात, रात्रीचे डॉक्टर वेगळे असतात. सलग राहते ती वहीच. रोज एक पान करा: पाणी आणि इतर द्रव किती गेले, लघवी किती आणि कधी, शौच, काय खाल्लं, दुखणं ० ते १० पैकी किती, किती वेळा उभं केलं, किती पावलं टाकली, बोलण्या-वागण्यात काही फरक.

याचा खरा उपयोग राउंडच्या दोन मिनिटांत होतो. ‘कालपासून बरं वाटत नाहीये हो त्यांना’ असं म्हटलं की ‘होईल हळूहळू’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काल संध्याकाळी ६ पासून मुलीला ओळखत नाहीत, दुपारपासून लघवी फक्त १०० मिली झाली, पाणी एकच ग्लास प्यायले’ असं सांगितलं की डॉक्टर थांबतात, पोट चाचपतात, तपासणी लिहून देतात.

पहिले दोन दिवस: दुखणं, श्वास, पावलं

‘जास्त गोळ्या नकोत, किडन्या खराब होतात’ म्हणून दुखणं सोसायला लावू नका. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, हलत नाही, झोपत नाही. पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात. वेदनाशामक ठरलेल्या वेळी द्यायचं, कळवळल्यावर नाही. फिजिओथेरपिस्ट यायच्या आधी अर्धा-पाऊण तास एक डोस बसेल असं सिस्टरशी ठरवून घ्या. किडनीची भीती मात्र खोटी नाही. ती डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांची आहे, त्यामुळे घरच्या डब्यातली ‘अंगदुखीची गोळी’ परस्पर देऊ नका.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, बहुतेक ठिकाणी देतात आणि बहुतेक रुग्ण ते उलटं वापरतात. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. पाठ टेकून ताठ बसवा, आधी श्वास पूर्ण सोडायला सांगा, मग तोटी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढायला सांगा आणि चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवायला लावा. एका झटक्यात तिन्ही चेंडू उडवण्यापेक्षा एकच चेंडू टिकवणं जास्त कामाचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा, चक्कर आल्यास मध्ये थांबून. शेवटी दोनदा जोर लावून खोकायला सांगा.

दर तासाला पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायची, दोन्ही पायांची. पोटरीतलं रक्त यामुळे वाहतं राहतं. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचतात ती इंजेक्शनं बऱ्याचदा घरी गेल्यावरही, एकूण चार-पाच आठवड्यांपर्यंत चालू राहतात. टोचलेल्या जागी निळंजांभळं होतं, ते पाहून स्वतःच बंद करू नका.

भ्रम: घरचे सगळ्यात जास्त घाबरतात तो भाग

ऑपरेशननंतर पहिल्या-दुसऱ्या रात्री शांत स्वभावाच्या आजी अचानक सलाइन ओढून काढतात, वारलेल्या नवऱ्याशी बोलतात, ‘हे लोक मला मारायला आलेत’ म्हणतात. सकाळी पुन्हा बऱ्या, संध्याकाळी पुन्हा तेच. हे वेड लागणं नव्हे, भूतबाधा तर नव्हेच. शरीरातल्या बिघाडाला म्हाताऱ्या मेंदूने दिलेला हा प्रतिसाद असतो, आणि कारण सापडलं तर तो बहुतेकदा उतरतो. काहींना पूर्ववत व्हायला दिवस नाही, आठवडे लागतात.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. रुग्ण आरडाओरडा करत नाही, उलट गुंगीत पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो, घास तोंडात धरून ठेवतो. ‘दमलेत, झोपू दे’ म्हणून सगळे निर्धास्त असतात. कालच्यापेक्षा आज माणूस जास्त झोपाळू किंवा असंबद्ध वाटतोय, एवढं निरीक्षणही लगेच सिस्टरला सांगण्याजोगं आहे.

डॉक्टरांना विचारा: रक्तातलं सोडियम पाहिलं का, शुगर आणि ऑक्सिजन किती आहे, लघवी तुंबलीय का, लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग आहे का, कोणतं नवं औषध सुरू झालंय. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी भ्रम वाढतो. उलट, वर्षानुवर्षं रोज रात्री घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद झाल्यानेही होतो. आणि जी गोष्ट घरचे लाजेने लपवतात ती भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा: रोजची दारू, तंबाखू, मशेरी. दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर आणि भ्रम सुरू होतो, तो जिवावर बेतू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. आजींची मशेरी चाळीस वर्षांची असते आणि ती कोणीच केस पेपरवर लिहून घेतलेली नसते.

तुमच्या हातातलं काम असं. चष्मा, कानातलं यंत्र आणि कवळी ऑपरेशनच्या आधी काढून पिशवीत ठेवलेली असते आणि ती पिशवी घरी गेलेली असते. ती परत आणा. अंधुक दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला अनोळखी खोलीत भास होणारच. दिवसा पडदे उघडे, रुग्ण बसलेला. रात्री मोठे दिवे बंद, मोबाइल आणि टीव्ही बंद, एक मंद दिवा चालू. समोर दिसेल असं घड्याळ आणि मोठ्या अक्षरात वार-तारीख. बोलताना आधी आपलं नाव: ‘आई, मी सुनंदा. तुझ्या पायाचं ऑपरेशन झालंय, आपण दवाखान्यात आहोत, आज बुधवार, सकाळचे नऊ वाजलेत.’ दिवसातून दहा वेळा सांगावं लागलं तरी त्याच आवाजात.

वाद घालू नका. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले तर ‘कोणी नाहीये तिथे’ हे चार वेळा ठासून सांगून भीती वाढते. ‘मी इथेच बसलोय, तुम्हाला काही होऊ देणार नाही’ म्हणा आणि हात धरा. हात बांधायला तुम्ही होऊन सांगू नका, बांधल्याने धडपड वाढते. नळ्या नजरेआड करा: सलाइनवर बाहीचा कपडा, हातात रुमाल किंवा जपमाळ. कॉटचे कठडे वर केले की आपण सुरक्षित समजतो, पण भ्रमातला माणूस त्यावरून चढतो आणि जास्त उंचावरून पडतो. कॉट खालच्या उंचीवर आणि रात्री ओळखीचं माणूस जवळ, हा उपाय जास्त भरवशाचा.

पाठ आणि टाचा

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पूर्ण आडवं वळवायची गरज नाही. पाठीमागे उशी खोचून थोडं कलतं केलं तरी कंबरेखालच्या हाडावरचा भार सुटतो. कोणत्या कुशीवर चालेल ते सिस्टरला विचारून घ्या. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, त्यात कातडी चादरीला घासून सोलवटते. रुग्णाच्या खाली आडवी घडी घातलेली चादर ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला आणि सरकवा.

दिवसातून दोनदा बॅटरी लावून माकडहाड, दोन्ही टाचा, खुब्याच्या बाजू पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर त्या जागेवरचा भार ताबडतोब काढा. पांढरा पडतच नसेल तर जखम आतून सुरू झालीय, त्याच तासाला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागते का ते हाताने पाहा. अशा डागावर चोळू नका, आणि बसायला हवेची गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. टाचांसाठी पोटरीखाली लांबट उशी, टाच अधांतरी. हवेची गादी घेतली असेल तर तिच्यावर एकच सुती चादर घाला. वर गोधडी आणि रबरी कापड टाकलं की गादीचे पैसे वाया.

उभं करणं आणि चालवणं

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच उभं करतात. रुग्ण ‘उद्या बघू’ म्हणतो, घरचे त्याची बाजू घेतात आणि फिजिओथेरपिस्ट पुढच्या कॉटकडे जातो. इथे जरा कठोर व्हा.

१. आधी कॉटच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करा आणि सांगा.
२. वॉकरची उंची: ताठ उभं राहून हात सैल सोडल्यावर वॉकरची धरायची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. उसना आणलेला वॉकर सहसा उंच किंवा बुटका असतो. पायांची बटणं दाबून जमवून घ्या, रबरी बूच झिजलेली असतील तर बदला.
३. वॉकर ओढून उठायचं नाही, तो उलटतो. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवून हातांनी कॉट किंवा खुर्चीचे दांडे दाबून उठायचं, मग हात वॉकरवर.
४. चालण्याचा क्रम: वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, किंचित मागे. काखेत धरू नका. कंबरेला पट्टा असेल तर तो धरा.
५. बसताना खुर्ची पायांना मागून लागेपर्यंत मागे या, मग हात दांड्यांवर, मग बसा.

लांब परकर आणि नऊवारी वॉकरच्या पायात येतात. घोट्याच्या वर राहील असा गाऊन बरा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. उंबरठा असेल तर वॉकरचे चारही पाय पलीकडे टेकल्याशिवाय त्यावर भार टाकायचा नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. साधा वॉकर घेऊन जिना चढायचा नाही. डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष करून घ्या.

डबा आणि पोट

‘आजारी माणसाला हलकं’ म्हणून पाच दिवस भाताची पेज आणि साबुदाण्याची खीर चालू असते. वाटीभर पेजेत प्रथिनं जेमतेम एक-दोन ग्रॅम. जखम भरायला आणि मांडीचा स्नायू टिकायला वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७० च्या आसपास. अंदाजासाठी: एक अंडं ६ ग्रॅम, ग्लासभर म्हणजे २०० मिली दूध ६ ते ७, मोठी वाटी घट्ट वरण ७, ५० ग्रॅम पनीर ९, १०० ग्रॅम मासे किंवा चिकन २० ते २५. किडनीचा जुना आजार असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. घास छोटे, दिवसातून पाच-सहा वेळा. जेवताना ताठ बसलेलं आणि नंतर अर्धा तास तसंच. गुंगीतल्या माणसाला चमच्याने भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जातं. उपास सध्या देवाला सांगून पुढे ढकला.

म्हातारी माणसं पाणी मुद्दाम कमी पितात, कारण बेडपॅन मागायची लाज वाटते. हे ती कधी बोलून दाखवत नाहीत. हृदयाचं किंवा किडनीचं बंधन नसेल तर दिवसाला दीड लिटर द्रव जायला हवा: पाणी, ताक, सार, नारळपाणी, वाटीवाटीने. तीन दिवस शौच झाली नाही तर सांगा. वेदनाशामकं आणि लोहाच्या गोळ्या पोट बांधतात. पाणी कमी असताना इसबगोल दिलं तर ते आणखी घट्ट बसतं.

लघवीची नळी शक्य तितकी लवकर निघायला हवी. ‘सोयीचं पडतं’ म्हणून ठेवा म्हणू नका. पिशवी कंबरेच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. नळी काढल्यावर सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. थेंबथेंब होतेय आणि ओटीपोट फुगलंय, तर मूत्राशय भरून वाहतंय. ‘होतेय की’ म्हणून गप्प बसू नका.

पाळ्या, मावशी, भेटायला येणारे

एकाच सुनेने किंवा मुलीने चोवीस तास बसणं तिसऱ्या दिवशी कोसळतं. बारा तासांच्या पाळ्या लावा, आणि रात्री जागलेल्याला सकाळचं बँकेचं काम देऊ नका. ब्युरोची मावशी ठेवली तर पहिल्या दिवशी कूस बदलणं आणि उठवणं तिच्यासमोर सिस्टरकडून करून दाखवा. पोटरीला तेल लावून मालीश नाही, गरम पिशवीचा शेक नाही, हे स्पष्ट सांगा. गुठळी असेल तर चोळण्याने सुटण्याचा धोका असतो. भेटायला येणाऱ्यांना दुपारी चार ते पाच अशी एक वेळ द्या, एका वेळी दोघं. ‘आमच्या काकूंना असंच झालं होतं, त्या उठल्याच नाहीत’ असं सांगणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते. तिला बाहेर चहाला न्या.

कागदांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भेटा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आणि हे ऑपरेशन व इम्प्लांट (आत बसवलेला गोळा किंवा रॉड-स्क्रू) योजनेत बसतं का ते विचारा. मेडिक्लेम असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहून खोली घ्या. मर्यादेबाहेरची खोली घेतली की अनेक पॉलिसींत इतर बिलही त्याच प्रमाणात कापतात. डिस्चार्ज कार्डासोबत एक्स-रे आणि इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या.

घरी आणण्याआधी

पलंगाची उंची बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाणार नाही इतकी, साधारण १८ ते २० इंच. दांडे असलेली उंच खुर्ची. खुर्चीचा कमोड, कारण चाळीत किंवा गावच्या घरी संडास लांब असतो आणि रात्रीचं पडणं तिथेच होतं. सतरंज्या, पायपुसणी, वायरी उचला. पलंगापासून कमोडपर्यंत रात्रभर दिवा. उशाशी वाजवायला घंटी.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी. हळद, तेल, कुठलाही लेप नाही.

जखमेतून पू, वाढती लाली, १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पोटरीला नवी सूज आणि दुखणं, पुन्हा भ्रम, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप, छातीत दुखणं, किंवा खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसणं, यात थांबू नका, १०८ ला फोन करा.

टाके काढायला जाल तेव्हा आणखी एक विषय स्वतःहून काढा: हाडं ठिसूळ झाल्याचे उपचार. नुसतं घसरून खुबा मोडला म्हणजे हाडं आधीच कमजोर होती, आणि दुसऱ्या बाजूचा खुबा मोडण्याची जोखीम त्यामुळे वाढलेली असते. ड जीवनसत्त्वाची पातळी, कॅल्शियम, हाडं बळकट करणारं इंजेक्शन किंवा गोळी, यांपैकी काय आणि कधी सुरू करायचं ते लिहून घ्या. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र देऊ नका, एक सकाळी आणि एक रात्री. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.